जपान : टोकियो की ओसाका? १२ रात्री, चार माणसं, त्यात दोन शाकाहारी

पंचगंगाकाठ
१९ ऑगस्ट, रात्री ९:४०

लोकहो, नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात जपानला जायचं नक्की झालंय. मी, बायको, आई (६६) आणि बाबा (७१). तिकिटं काढून झाली: उतरायचं टोकियोत, परतायचं ओसाकाहून. मधल्या बारा रात्री मोकळ्या आहेत.

एका टूरवाल्यानं असा आराखडा दिलाय: टोकियो ३, योकोहामा १, नागोया १, क्योतो २, हिरोशिमा १, फुकुओका २, ओसाका २. सात शहरं, सात हॉटेलं. ‘एवढ्या लांब जाताय तर सगळं बघून या,’ असं त्याचं म्हणणं. बायको म्हणते टोकियो आणि ओसाका दोनच करू. मला क्योतो सोडवत नाही. बाबांना विचारलं तर ‘तुम्ही न्याल तिकडं’.

आम्ही दोघं सगळं खातो. आई-बाबा पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. बाबांचा गुडघा फार जिने सहन करत नाही. कुठलं शहर ठेवू, कुठलं गाळू? जाऊन आलेल्यांनी बिनधास्त लिहा.

निशीकासाईकर
१९ ऑगस्ट, रात्री १०:१५

सात हॉटेलं? बारा रात्रींत? याला सहल नाही, बदली म्हणतात. दर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला खोली सोडायची आणि दुपारी तीनच्या आत पुढची मिळत नाही. मधले पाच तास आई-बाबांना बॅगांपाशी बसवणार का?

अकरा वर्षं टोकियोत आहे, त्यामुळे पक्षपात गृहीत धरा. टोकियोची गंमत ही की ते एक शहर नाहीच. यामानोते नावाची गोल लोकल आहे, तीस स्टेशनं, तासाभरात चक्कर पुरी. प्रत्येक स्टेशनाबाहेर वेगळं गाव. उएनोला संग्रहालयं आणि स्वस्ताई, हाराजुकूला रंगीत केसांची पोरं आणि त्यांना पाठ करून मेइजी देवस्थानाची झाडी, शिंजुकूला दोनशेच्या वर दरवाजे असलेलं स्टेशन. त्या स्टेशनात मी अजूनही चुकतो. चुकीच्या दरवाज्यानं बाहेर पडलात तर हॉटेल समोर दिसत असून वीस मिनिटं चालाल.

उंचावरून शहर बघायचं तर स्कायट्री मनोऱ्याचं (६३४ मीटर) तिकीट काढण्याआधी शिंजुकूतल्या महानगर सरकारच्या इमारतीत जा. पंचेचाळिसावा मजला, २०२ मीटर उंची, फुकट. हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला फुजी दिसतो, आणि नोव्हेंबरात ती बहुतेक असते.

राहायला उएनो किंवा असाकुसा बघा. शिंजुकू-शिबुयापेक्षा स्वस्त, आणि जुन्या टोकियोचं जे काही उरलंय ते याच बाजूला. फार उरलेलं नाही म्हणा. १९२३ चा भूकंप आणि १९४५ ची बॉम्बफेक यांत शहर दोनदा जळलं. ‘जुनं जपान’ बघायला टोकियोत येणारे म्हणूनच हिरमुसतात.

खाण्याचं: शाकाहारी हॉटेलं सगळ्यात जास्त इथेच. आमच्या निशी-कासाईत डोसा, पोळीभाजी, किराणा सगळं मिळतं. आमच्या एदोगावा प्रभागाच्या सभागृहावर २०१९ साली भारतीय वंशाचे योगेंद्र पुराणिक निवडून आले होते, त्यावरून वस्तीचा अंदाज घ्या.

खादाड_खंड्या
२० ऑगस्ट, सकाळी ८:०२

टोकियो म्हणजे इस्त्री केलेला शर्ट. ओसाका म्हणजे बनियनवर गॅलरीत उभा असलेला काका. मला काका आवडतो.

तिथली म्हणच आहे, क्योतोचा माणूस कपड्यांपायी भिकेला लागतो आणि ओसाकाचा खाण्यापायी. ‘कुइदाओरे’ म्हणतात त्याला. व्यापाऱ्यांचं गाव. देशभरचा तांदूळ इथे यायचा, दोजिमाच्या बाजारात १७३० पासून त्याचे वायद्याचे सौदे व्हायचे. जिथे दलाल तिथे खाणं चांगलं, हे आपल्याला मार्केट यार्डात राहणाऱ्या कुणीही सांगेल.

संध्याकाळी दोतोनबोरीला जा. कालव्याच्या दोन्ही काठांना दिव्यांच्या पाट्या, हात वर करून धावणारा तो ग्लिको बिस्किटवाल्यांचा गडी, दुकानांवर पाय हलवणारे राक्षसी खेकडे. ताकोयाकी म्हणजे आत ऑक्टोपसचा तुकडा घातलेले पिठाचे गोळे. आपल्या आप्पेपात्राची लोखंडी थोरली बहीण घ्यायची, गाड्यावरचा पोरगा दोन टोच्यांनी एकेक गोळा असा गर्रकन फिरवतो की खाण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघत राहावं. मग आख्खा तोंडात टाकायची घाई करू नका. आत वितळलेला लाव्हा असतो, माझी टाळू दोन दिवस सोललेली होती.

शिन्सेकाईत कुशिकात्सु. काडीला टोचून तळलेलं काहीही: मांस, कोळंबी, कमळकाकडी, रताळं, कांदा. सॉसचं भांडं सामायिक असेल तर एकदाच बुडवायचं, उष्टी काडी परत बुडवली की ओरडा बसतो. आता बऱ्याच ठिकाणी बाटल्या आल्यात, भांड्याची मजा गेली.

अवांतर: सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभे राहतात, ओसाकात उजवीकडे. कोण कुठला ते तिथेच कळतं.

निशीकासाईकर
२० ऑगस्ट, सकाळी ८:४७

@खंड्या, खाल्लंत ते सगळं मांसमच्छी. धागाकर्त्याच्या आईनं काय करायचं? पाय हलवणारा खेकडा बघायचा?

खादाड_खंड्या
२० ऑगस्ट, सकाळी ८:५१

कमळकाकडी लिहिली की हो.

आशाताई_ठाणे
२० ऑगस्ट, दुपारी २:३०

कमळकाकडी त्याच तेलात तळतात रे बाळा.

मी शाकाहारी आहे आणि दोनदा जाऊन आले आहे, म्हणून जरा सविस्तर. जपानात शाकाहारी माणसाचं वैर मांसाशी नसतंच, ते वरून दिसतं तरी. वैर असतं ‘दाशी’शी. म्हणजे वाळवलेल्या बोनितो माशाचं आणि समुद्री शेवाळाचं पाणी. आपल्याकडे फोडणी तशी तिकडे दाशी. सूप, नूडल्सचं पाणी, शिजवलेल्या भाज्या, सोबा नूडल्सबरोबरची बुडवायची चटणी, सगळ्यात. ‘मांस नको’ सांगितलं की ते वरचे तुकडे काढतात आणि पाणी तेच ठेवतात. फसवायचा हेतू मुळीच नसतो, त्यांच्या लेखी ती चव असते, पदार्थ नव्हे.

पहिल्या फेरीत एका ठिकाणी मी फक्त कोबीचा ओकोनोमियाकी मागितला. बाई हसून हो म्हणाली, तव्यावर छान कोबीचं धिरडं घातलं आणि माझ्यासमोर ठेवताना वर चिमूटभर काहीतरी भुरभुरवलं. कागदासारखे गुलाबी पापुद्रे, वाफेवर आपोआप वळवळायला लागले. मी कौतुकानं बघत बसले. भाची म्हणाली, मावशी, मासा आहे तो. मग मी हॉटेलात जाऊन मेतकूट-भात खाल्ला. भात दुकानात तयार मिळतो, मेतकूट आपलं न्यायचं.

हे वाक्य कागदावर जपानीत लिहून घ्या: ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन. दाशी मो दामे देस.’ मांस-मासे खात नाही, दाशीही चालत नाही. तोंडी सांगण्यापेक्षा कागद बरा, तो आत आचाऱ्यापर्यंत जातो.

आणि एक अशी जागा सांगते जी कुणाच्या यादीत नसते. ओसाकाच्या नांबा स्टेशनातून नानकाई रेल्वेनं कोयासानला जा. डोंगरावरचं मठांचं गाव, ८१६ पासूनचं, कोबो दायशी या बौद्ध भिक्षूंनी वसवलेलं. मठात राहता येतं आणि मठातलं जेवण म्हणजे शोजिन-र्योरी: मांस नाही, मासा नाही, कांदा-लसूणही नाही. दाशी शेवाळाची आणि शिताके अळिंबीची. दोन आठवड्यांत एवढं निश्चिंत मी कुठे जेवले नाही. तिथल्या विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, २०१५ मध्ये बसवलेला. त्या थंडीत, देवदारांच्या गावात बाबासाहेब दिसले आणि उगाच गलबलून आलं.

कोकणकडा
२० ऑगस्ट, रात्री ९:१०

वाचनखूण साठवली. ताई, मेतकुटाला +१.

क्योतोबद्दल कुणी बोलतच नाहीये. ७९४ पासून हजारावर वर्षं राजधानी. टोकियो-ओसाका कुठल्याही श्रीमंत देशात असू शकतील, क्योतो नाही.

खादाड_खंड्या
२० ऑगस्ट, रात्री ९:३३

क्योतो नोव्हेंबरच्या अखेरीस म्हणजे चतुर्दशीचा लक्ष्मी रोड. लाल पानं बघायला अख्खा देश लोटतो. बसमध्ये पाय ठेवायला जागा नाही. हॉटेलांचे दर तर विचारूच नका.

कोकणकडा
२० ऑगस्ट, रात्री १०:०५

म्हणूनच मुक्काम ओसाकात ठेवून क्योतो करावं. जेआरची (जपान रेल्वेची) जलद लोकल अर्ध्या तासात पोचवते. बसच्या नादी लागायचं नाही, रेल्वेनं जिथे जाता येतं तेवढंच करायचं. फुशिमी इनारी स्टेशनाच्या दारातच आहे, चोवीस तास उघडं, तिकीट नाही. सकाळी साडेसहाला पोचलात तर त्या शेंदरी कमानींखाली तुम्ही आणि दोन मांजरं. नऊला हीच जागा दादरचा पूल. डोंगर पूर्ण चढायची गरज नाही, बाबांना पहिल्या टप्प्यावरून परत आणा.

आणि सांजुसांगेंदो. पर्यटक सोनेरी मंदिराकडे धावतात (ते १९५० मध्ये जळलं, सध्याचं १९५५ चं), पण आई-वडिलांना घेऊन जायला ही जागा. एकच लांबलचक लाकडी दालन, त्यात कान्नोनच्या, म्हणजे करुणेच्या बौद्ध देवतेच्या, १००१ मूर्ती ओळीनं उभ्या. त्यांच्या पुढ्यात रक्षक देवता अठ्ठावीस. पाट्या वाचत चला: इंद्र, वरुण, नारायण, लक्ष्मी. चीनमार्गे तिथवर पोचताना चेहरे बदलले, नावं जपानी झाली. माझी आई प्रत्येकाला नमस्कार करत गेली, त्यामुळे आम्हाला दीड तास लागला.

निशीकासाईकर
२० ऑगस्ट, रात्री १०:४०

देवांचा विषय निघालाय तर टोकियोतला गणपती सांगतो. असाकुसाच्या सेन्सोजी मंदिराला सगळे जातात. तिथून दहा मिनिटं नदीच्या कडेनं चालत गेलं की माचुचियामा शोदेन. छोटी टेकडी, वर मंदिर, देवता कांगितेन, म्हणजे आपला विनायक. मूर्ती कुणाला दाखवत नाहीत. नैवेद्य मोदकाचा नाही, मुळ्याचा! पांढराशुभ्र, हातभर लांब. तिथेच विकत घेऊन वाहायचा. आधीच्या भाविकांनी वाहिलेले मुळे प्रसाद म्हणून नेता येतात. पर्यटक जवळजवळ नसतात.

चाकणचा_फिटर
२१ ऑगस्ट, सकाळी ७:२०

योकोहामा, हिरोशिमा, फुकुओका यांचंही बोला की कुणीतरी.

कोकणकडा
२१ ऑगस्ट, सकाळी ११:००

योकोहामा टोकियोतून अर्धा दिवस, मुक्काम नको. लोकसंख्येनं ते देशातलं दुसरं शहर, पण ते टोकियोला चिकटलेलं आहे, ठाणं जसं. १९६५ पासून मुंबईचं भगिनी-शहर. यामाशिता बागेत बंदराकाठी एक भारतीय घाटाचा घुमट आहे, आत पाण्याचं कारंजं. १९२३ च्या भूकंपात स्थानिकांनी केलेल्या मदतीची आठवण म्हणून तिथल्या भारतीय व्यापाऱ्यांनी १९३९ मध्ये तो दिला. लोक त्याला टेकून आइस्क्रीम खातात.

फुकुओका मला फार आवडतं. विमानतळावरून भुयारी रेल्वेचं दुसरंच स्टेशन हाकाता. रात्री नदीकाठी खाण्याच्या गाड्या लागतात, आठ-दहा माणसं खांद्याला खांदा लावून बसतात. पण तिथलं रामेन डुकराच्या हाडांचं, तासन्‌तास उकळून दुधाळ केलेलं. शेवया संपल्या की ‘काएदामा’ म्हणायचं, दुसरा गोळा येतो. आई-बाबांना या शहरात फक्त वास मिळेल. शिवाय परतीचं विमान ओसाकाहून असताना फुकुओकाला जाऊन मागे येणं हा टूरवाल्याचा विनोद आहे.

हिरोशिमा ओसाकाहून सकाळी जाऊन रात्री परत, शिंकान्सेननं (बुलेट ट्रेननं) दीड तास. अणुबॉम्बचं संग्रहालय आधी करा, जेवण नंतर, असं सगळे सांगतात. मी उलट सांगेन. नंतर जेवण जात नाही. तिथे एका मुलाची तीनचाकी सायकल आहे, गंजलेली. त्यापुढे मला काही आठवत नाही. बाहेर आलात की ट्राममध्ये बसा. ६ ऑगस्ट १९४५ नंतर तिसऱ्या दिवशी एका टप्प्यावर ट्राम परत सुरू झाली होती. त्या स्फोटातून वाचलेल्या दोन गाड्या, ६५१ आणि ६५२, आजही धावतात.

आशाताई_ठाणे
२१ ऑगस्ट, दुपारी १२:१५

वाटेत ओकायामा लागतं, कोराकुएन बाग बघायची असेल तर. पुणेकरांनी नाही उतरलं तरी चालेल, सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान त्याच धर्तीवर आहे. (ह. घ्या.)

खादाड_खंड्या
२१ ऑगस्ट, दुपारी १२:४०

थोडक्यात नागोया गाळा, फुकुओका गाळा, योकोहामा अर्धा दिवस. नागोयात बघायला आहे काय? किल्ला, तोही काँक्रीटचा, १९५९ चा, आणि मुख्य बुरूज २०१८ पासून बंद. स्वतः जपानी लोक त्या शहराची चेष्टा करतात.

निशीकासाईकर
२१ ऑगस्ट, दुपारी १:०५

पहिल्यांदाच खंड्याशी सहमत. नागोया म्हणजे शिंकान्सेनच्या खिडकीतून बघायचं शहर.

चाकणचा_फिटर
२१ ऑगस्ट, रात्री ११:३०

कंपनीच्या कामानं नागोयात एकूण चौदा महिने काढलेत, तेव्हा माझंही ऐका. खाणं टोकियोपेक्षा गावरान. लाल मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा), इतका गडद की पहिल्यांदा काकवी वाटला. हित्सुमाबुशी म्हणजे भातावर भाजलेली वाम. एकाच वाडग्याचे चार भाग करायचे. पहिला नुसता, दुसरा वासाबी-कांदापात घालून, तिसरा वरून गरम दाशी किंवा चहा ओतून, चौथा तीनांतला जो आवडला तसा. सकाळी अकरापर्यंत कुठल्याही जुन्या कॉफीच्या दुकानात कॉफी मागा, तेवढ्याच पैशात जाडजूड टोस्ट येतो. त्यावर लोणी आणि गोड लाल वाटाण्यांसारख्या डाळीचं पुरण लावून मिळतं. पुरणच ते, वेलची नसलेलं. आईंना चालेल.

पण धागाकर्ते, एक विचारतो. नाव पंचगंगाकाठ म्हणजे कोल्हापूर का? बाबा काय करायचे?

पंचगंगाकाठ
२२ ऑगस्ट, सकाळी ८:१०

इचलकरंजी. बाबांचे यंत्रमाग होते, सोळा. बत्तीस वर्षं चालवले. २०१४ ला भंगारात घातले. का विचारताय?

चाकणचा_फिटर
२२ ऑगस्ट, सकाळी ८:१४

नागोया गाळू नका.

चाकणचा_फिटर
२२ ऑगस्ट, रात्री १०:५०

सकाळी बसमध्ये होतो, आता लिहितो. नागोया स्टेशनापासून मेइतेत्सु लोकलचं एक स्टेशन, साको. तिथून पायी टोयोटाचं औद्योगिक संग्रहालय. लोक गाड्या बघायला जातात. पण टोयोटा मुळात मागवाले. साकिची तोयोदा हा सुताराचा पोरगा, आई हातमागावर बसायची ते बघून मागात सुधारणा करत गेला. १९२४ चा त्याचा जी प्रकारचा स्वयंचलित माग: धोट्यातली कांडी संपत आली की माग न थांबता धोटा आपोआप बदलतो, आणि उभा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. १९२९ मध्ये त्याचं पेटंट इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनी घेतलं. मोटारीच्या प्रयोगांना पुढे त्याच पैशाचा हातभार लागला.

ते संग्रहालय जुन्या गिरणीच्या जागेवर, लाल विटांच्या इमारतीत आहे. अर्धं दालन कापूस, चाती आणि मागांचं, आणि माग *चालू* आहेत. कर्मचारी चालवून दाखवतात. बाबांना तो आवाज ऐकवा. बाकी तुमची मर्जी.

निशीकासाईकर
२२ ऑगस्ट, रात्री ११:०२

माझा वरचा प्रतिसाद मागे घेतो.

कोकणकडा
२३ ऑगस्ट, सकाळी ९:००

मग असं करा: टोकियो ५, नागोया २, ओसाका ५. तीन हॉटेलं. ओसाकाहून दोन दिवस क्योतो, एक दिवस हिरोशिमा, एक कोयासान (मठात राहिलात तर ओसाकाची एक रात्र कमी).

रेल्वे पास घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० वरून ५०,००० येन झाला. टोकियो-नागोया साडेअकरा हजारांच्या आत, नागोया-ओसाका पावणेसात हजारांच्या आसपास, हिरोशिमा जाऊन-येऊन एकवीसच्या घरात. बेरीज चाळीसच्या आतच येते. टोकियोहून निघताना ई क्रमांकाची खिडकी मागा, पाऊण तासानं उजवीकडे फुजी. मोठ्या बॅगा आदल्या दिवशी हॉटेलच्या काउंटरवरून कुरियरनं पुढच्या हॉटेलात पाठवा, गुडघा वाचेल.

पंचगंगाकाठ
९ डिसेंबर, रात्री १०:२०

धागा वर काढतोय. आलो परत.

कोकणकड्याचाच आराखडा जसाच्या तसा वापरला. टोकियोत बायको खूश, मी गोंधळलेला. शिंजुकूत चुकलो, वीस नाही, चाळीस मिनिटं. असाकुसाच्या गणपतीला मुळा वाहिला आणि प्रसादाचा एक मिळाला. आईनं तो कापडी पिशवीत घालून लोकलमधून हॉटेलवर आणला, पिशवीतून पाला बाहेर. समोरच्या आजीबाईंनी बोट दाखवून काहीतरी विचारलं, आईनं मराठीत उत्तर दिलं, दोघी हसल्या. रात्री मीठ-लिंबू लावून तो मुळा आणि थालीपीठ. आईच्या मते अख्ख्या सहलीतलं उत्तम जेवण, कोयासानच्या खालोखाल.

ओसाकात खंड्याचा इशारा वाचूनही टाळू पोळली. क्योतोत गर्दीनं जीव नकोसा झाला, पण सांजुसांगेंदोला आम्हालाही दीड तास लागला. आशाताई, तुमचा कागद सहा ठिकाणी चालला. दोन ठिकाणी त्यांनी नम्रपणे जेवणच नाकारलं, तेही बरंच झालं.

आता नागोया. दालनात शिरायच्या आधीच खटखट ऐकू आली आणि बाबा थांबले. म्हणाले, ‘दोनच चाललेत.’ आत गेलो तर दोनच चालू होते. गणवेशातली एक पोरगी जपानीत समजावत होती. तिनं मुद्दाम उभा धागा तोडला, माग खट्‌कन थांबला. बाबा वाकून खालून बघायला लागले, तुटला की लोखंडी पट्टी कशी पडते ते. ‘ही अक्कल आपल्या मागाला न्हवती. रात्रपाळीला माणूस डुलकी खायचा आन्‌ वारभर कापड वाया.’ मग त्यांनी हात पुढे केला. तिला वाटलं कापडाला हात लावायचाय. त्यांनी सुताची दोन टोकं घेतली आणि एका हातानं, अंगठा आणि दोन बोटांत, गाठ मारली. न बघता.

ती पोरगी गप्प. मग तिनं आतून एका वयस्क माणसाला बोलावलं. त्यानं बाबांना परत मारायला लावली, हळू. मग त्यानं स्वतः मारून दाखवली. त्याची थोडी वेगळी होती, टोक उलट्या बाजूनं जातं. दोघं तासभर एकमेकांना गाठी दाखवत उभे, भाषा एकाची दुसऱ्याला येत नाही. गुडघ्याचं नावही नाही.

पाचला संग्रहालय बंद होतं. गाड्यांचं दालन बघायचं राहूनच गेलं.

चाकणचा_फिटर
९ डिसेंबर, रात्री १०:४१

गाड्यांचं राहिलं?! अहो, तिथे असेंब्लीची चालती यंत्रं आहेत!

पंचगंगाकाठ
९ डिसेंबर, रात्री १०:४५

बाबांना सांगितलं. म्हणाले, ‘असूदेत.’